पाणी हवं की आरओ? गरजेवरून निविदा लिहिण्याची रीत

इंदूरच्या सरकारी कचेऱ्यांत फाइलला आजही नस्ती म्हणतात. भंडार शाखेत, म्हणजे सरकारी सामानाची खरेदी आणि साठा बघणाऱ्या शाखेत, माझ्या हाताखालून शेकडो नस्त्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक निविदा एकाच रीतीने जन्मल्या: दुसऱ्या जिल्ह्यातून जुनी निविदा मागवायची, तारखा बदलायच्या, नग बदलायचे आणि सही ठोकायची. एकदा तर बोली उघडायच्या दिवशी लक्षात आलं की चौदाव्या पानावर ‘माल ग्वाल्हेर येथील भांडारात पोचवावा’ हे वाक्य तसंच राहिलंय. एका इमानदार पुरवठादाराने ते वाचून ग्वाल्हेरपर्यंतचं भाडं दरात धरलं होतं. सगळ्या बोलीदारांत निविदा पूर्ण वाचणारा तो एकटाच, आणि हरलाही तोच.

गावाचं नाव चुकलं तर वेळेत शुद्धिपत्र काढता येतं. पण निविदेने वस्तूच चुकीची मागितली असेल तर शुद्धिपत्राने काही होत नाही. तसं एकदा माझ्याच हातून झालं, आणि पुढचं सगळं मी त्यातून शिकलो. भंडार शाखेत नव्याने आलेले सहायक आणि क्रय म्हणजे खरेदी समितीवर पहिल्यांदाच नेमलेले अधिकारी यांच्यासाठी ते इथे मांडतो.

एका आरओची गोष्ट

मुलींचं एक सरकारी वसतिगृह. तिथून मागणीपत्र आलं: ‘आरओ संयंत्र, ५०० लिटर प्रति तास, १ नग.’ विनिर्देश, म्हणजे वस्तू नेमकी कशी हवी त्याचं वर्णन, लिहायला मी एका विक्रेत्याचं माहितीपत्रक पुढ्यात ठेवलं आणि उतरवून काढलं. एसएस-३०४ची चौकट, दोन ४०४० मेम्ब्रेन (पाण्यातले क्षार अडवणारे पडदे), इतक्या मायक्रॉनचा फिल्टर, अमुक कंपनीचा पंप ‘किंवा समतुल्य’. तीन बोली आल्या, एल-१ म्हणजे सर्वांत कमी दराचा बोलीदार ठरला, संयंत्र बसलं, हार घालून फोटोही निघाला.

मे महिन्यात तक्रार आली की दुपारपर्यंत टाकी रिकामी होते. पावसाळ्यात पाण्याचा नमुना जिवाणूंवर नापास झाला. यंत्र मात्र ठणठणीत, निविदेतल्या प्रत्येक ओळीप्रमाणे. पुरवठादाराला नोटीस द्यायची तर द्यायची कशाबद्दल? त्याने मागितलेलं सगळं दिलं होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा तिथे गेलो. खरेदीच्या आधी जायला हवं होतं, पण नस्ती टेबलावर असताना उठून जायची सवय आपल्यात कुणाला असते?

पहिली पायरी: मागणीपत्र बाजूला ठेवा आणि जाऊन उभे राहा

वसतिगृहाच्या मागच्या अंगणात एक हौद होता. एका बाजूने नर्मदेच्या नळाचं पाणी त्यात पडायचं, एक दिवसाआड तासभर. दुसऱ्या बाजूने बोअरचं पाणी दिवसभर. चौकीदार काकांनी सहज सांगितलं, ‘‘साहेब, नर्मदेचं पाणी गोडच आहे हो, बोअरचं मिसळलं की खारट लागतं.’’ खिशातल्या टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्राने, मोजलं. नळाचं पाणी ५००च्या बरंच आत, बोअरचं हजाराच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे चांगलं पाणी दारात येत होतं, ते आम्ही हौदात खारट करत होतो आणि मग विजेवर पुन्हा गोड करत होतो. लहान आरओत हे करताना निम्म्याहून जास्त पाणी सहज मोरीत जातं. दुपारी टाकी रिकामी का, याचं उत्तर तिथेच मिळालं.

जिवाणूंचं कोडंही तिथेच सुटलं. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन उरलेलं असतं आणि तेच साठ्यातल्या पाण्याची राखण करतं. क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं, म्हणून आरओच्या आधी कार्बन फिल्टर बसवतात. तो क्लोरीन काढून टाकतो. पुढच्या टाकीत साठलेलं पाणी स्वच्छ खरं, पण त्याला राखणदार उरत नाही. टाकीचं झाकण जरा उघडं राहिलं की संपलं.

आणि हे पाणी म्हणजे कुठलं पाणी! नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून १९७८पासून नर्मदा इंदुरात येते आहे. त्या पंपांच्या विजेचं बिल हलकं व्हावं म्हणून महापालिकेने २०२३मध्ये ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले. ते पाणी आम्ही मोरीत सोडत होतो.

होळकर दरबाराने बोलावलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूरचा अहवाल १९१८मध्ये दिला. आधी निदान, मग उपचार, हा त्यांचा आग्रह असे. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे उपचाराचं मागणीपत्र येतं आणि निदान पावसाळ्यात होतं.

जाल तेव्हा तीन गोष्टी करा. जो रोज ती वस्तू वापरतो त्याच्याशी बोला. साहेबाशी नको, चौकीदाराशी, स्वयंपाकीणबाईंशी, दाखला मागायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाशी. दुसरं, काहीतरी मोजा. बादली, घड्याळ, रजिस्टर, जे हाताशी असेल त्याने. मी टाकीवर खडूने खुणा करून पाहिलं तर नळाच्या त्या तासाभरात २,४०० लिटर भरत होते. तिसरं, ‘हे नसतं तर तुम्ही काय केलं असतं?’ असं विचारा. या प्रश्नावर लोक गरज बोलतात. ‘काय हवं?’ विचारलं की वस्तूचं नाव सांगतात.

दुसरी पायरी: गरजेचं एक वाक्य

परत येऊन कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: कुणाला, काय, किती, कधी, कुठे. त्या वाक्यात कोणत्याही यंत्राचं, साहित्याचं किंवा तंत्राचं नाव येता कामा नये. आलं की खोडा आणि स्वतःला विचारा, हे कशासाठी? जे उत्तर येईल ते त्या जागी लिहा. पुन्हा यंत्राचं नाव आलं तर पुन्हा विचारा.

‘आरओ हवा.’ कशासाठी? ‘पाणी शुद्ध व्हावं म्हणून.’ शुद्ध म्हणजे? ‘पिऊन मुली आजारी पडू नयेत, आणि चवीमुळे बाहेरचं पाणी पिऊ नयेत.’ इथे थांबायचं. याच्याही पुढे गेलात तर ‘मुलींचं आरोग्य सुधारावं’, मग ‘राष्ट्राची प्रगती व्हावी’ इथपर्यंत पोचाल आणि त्याची निविदा निघत नाही. ज्या पातळीवर एक पुरवठादार एकट्याच्या जबाबदारीवर परिणाम देऊ शकतो, तीच पातळी बरोबर.

आमचं वाक्य शेवटी असं झालं:

‘वसतिगृहातील १८० मुली व १२ कर्मचारी यांना वर्षभर, पहाटे ५ ते रात्री १०, तिन्ही मजल्यांवर प्रत्येकी किमान एका ठिकाणी, दररोज एकूण १,००० लिटरपर्यंत, आयएस १०५०० प्रमाणे पिण्यायोग्य पाणी मिळाले पाहिजे.’

हजाराचा आकडा हवेतून आला नाही. १९२ माणसं, उन्हाळ्यात माणशी पाच लिटर, म्हणजे ९६०.

आता खरा मोह येतो. मला कळलं होतं की नळाच्या पाण्याला वेगळी टाकी केली की प्रश्न सुटतो. दोन दिवसांना २,००० लिटर हवेत आणि एका पाळीत २,४०० येतात. मग ‘वेगळी टाकी’ असंच लिहू की! तसं लिहू नका. आरओऐवजी टाकी लिहिली तरी दुखणं तेच, फक्त या वेळी माहितीपत्रक आपल्या डोक्यातलं. नळाचं पाणी तीन दिवस आलंच नाही तर काय करायचं, याचा विचार मी केला नव्हता. तो पुढे एका बोलीदाराने केला.

तिसरी पायरी: ज्या गोष्टी हलणार नाहीत, आणि आपल्या अंगावरच्या

गरज मोकळी लिहायची, पण परिस्थिती काटेकोर सांगायची. नवीन माणसं इथे उलटं करतात. यंत्राचा स्क्रूसुद्धा लिहितात आणि जागा दाखवायचं विसरतात. आमच्या निविदेत ही माहिती वेगळ्या पानावर दिली: नळाला पाणी किती वेळ येतं आणि त्यात किती भरतं, बोअरच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल, गच्चीवर जास्तीचं वजन चालेल की नाही, वीज सलग चार तास गेली तरी पाणी मिळालं पाहिजे, परीक्षेच्या काळात दिवसा ठोकाठोक चालणार नाही. ही बंधनं आहेत. ती खरी असली पाहिजेत. ‘रंग निळा असावा’ हे बंधन नव्हे, कुणाची तरी आवड आहे.

त्याच पानावर आपण काय देणार तेही लिहा. इंदूरच्या देवगुराडियाचा गोबर-धन प्रकल्प बघा. १९ फेब्रुवारी २०२२ला सुरू झाला, रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याची त्याची क्षमता. पण तो चालतो घराघरांतून ओला कचरा वेगळा निघून येतो म्हणून. प्लास्टिक मिसळलेला कचरा पाठवून वायू का कमी निघाला असं विचारता येणार नाही. परिणाम मागणारी निविदा लिहिताना त्या परिणामातला आपला वाटा शब्दांत लिहावाच लागतो, नाहीतर पहिल्या वादात पुरवठादार बोट दाखवतो आणि बरोबरच दाखवतो. आम्ही लिहिलं: वीजजोड, जागा आणि नळाचा जोड कार्यालय देईल, नळ सलग तीन दिवसांहून जास्त बंद राहिला तर त्या काळाचा दंड नाही.

चौथी पायरी: कसोटी

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. ‘गरजेवर आधारित’ म्हटलं की लोक मोघम लिहायला लागतात. ‘उत्कृष्ट दर्जाचं पाणी सुलभतेने उपलब्ध व्हावं.’ त्यापेक्षा आरओचं माहितीपत्रक परवडलं, निदान काय आलं ते मोजता तरी येतं. गरज लिहिली की तिच्या शेजारी कसोटी हवी, आणि कसोटीत चार गोष्टी हव्यात: काय मोजायचं, कुठे आणि कसं मोजायचं, कोण मोजणार, नापास झालं तर काय.

याचा जुना आणि सुंदर नमुना अमेरिकेचा आहे. २३ डिसेंबर १९०७ रोजी तिथल्या लष्कराच्या सिग्नल कोअरने, म्हणजे संदेशवहन दलाने, विनिर्देश क्रमांक ४८६ काढला. मागणी होती उडणाऱ्या यंत्राची, जे तोवर जगात जवळपास कुणी पाहिलं नव्हतं. पंख किती, इंजिन कसलं, लाकूड कुठलं, यांवर सक्ती नाही. दोन माणसं घेऊन उडालं पाहिजे, त्या दोघांचं मिळून वजन ३५० पौंड धरा. १२५ मैलांपुरतं इंधन हवं. ताशी ४० मैल वेग हवा. हवेत तासभर राहून उतरलं पाहिजे आणि लगेच पुन्हा उडता आलं पाहिजे. सुटं करून लष्करी गाड्यांतून नेता यावं. हुशार माणसाला वाजवी वेळात चालवायला शिकता यावं. वेग ४०च्या वर जितके पूर्ण मैल, तितके दर मैलाला दहा टक्के जास्त, खाली तितकेच कमी, आणि ३६च्या खाली गेलात तर यंत्र परत. राइट बंधूंनी २५,००० डॉलरची बोली लावली. १९०९च्या चाचणीत वेग ४२ मैलांच्या थोडा वर भरला, दोन मैलांचा बोनस मिळाला आणि हातात ३०,००० डॉलर पडले. एवढी सगळी निविदा दोन-तीन पानांची. आमची आरओची सत्तेचाळीस होती.

आमच्या कसोट्या अशा झाल्या. नमुना घ्यायचा तो यंत्राजवळ नव्हे, ज्या नळाला मुली ग्लास लावतात त्या नळाशी, प्रत्येक मजल्यावर. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे मैला मिसळल्याची खूण असलेला जिवाणू, आढळता कामा नये. क्लोरीनने निर्जंतुक करणार असाल तर उरलेलं मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. क्षार ५००च्या आत. तपासणी दर तीन महिन्यांनी. नमुना अधीक्षिका आणि पुरवठादाराचा माणूस दोघांच्या सहीने सील होणार आणि लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत जाणार. आणि एक घरगुती कसोटी: महिन्यातून कुठल्याही एका दिवशी रात्री साडेनऊला तिन्ही मजल्यांवरून एकेक बादली भरून बघायची. ही मला सर्वांत आवडते, कारण ती करायला प्रयोगशाळा लागत नाही.

वाया जाणाऱ्या पाण्यावर मात्र आम्ही मर्यादा घातली नाही. घातली असती तर एक अख्खा मार्ग आधीच बंद झाला असता. त्याऐवजी बोलीदाराने आकडा सांगायचा आणि तो तुलनेत धरायचा असं ठरवलं.

कसोटी लिहिताना काही शब्द दिसले की पेन थांबवा. ‘नामांकित कंपनीचे’: कुणाच्या यादीतल्या? ‘आवश्यकतेनुसार’: कुणाच्या? ‘किंवा समतुल्य’ तर सर्वांत फसवं. ब्रँडचं नाव लिहून वर समतुल्य म्हणणं म्हणजे लग्न ठरवून वर पाहायला बोलावणं. समतुल्य कोणत्या मोजमापात, ते लिहिता येत असेल तर तेवढंच लिहा, ब्रँड गाळा. लिहिता येत नसेल तर आपल्याला त्या ब्रँडमधलं नेमकं काय हवंय तेच कळलेलं नाही.

पात्रतेच्या अटींमधून उपाय परत घुसतो

ही वेगळी पायरी नाही, पण चांगली लिहिलेली निविदा इथे मरताना मी पाहिली आहे. पहिल्या पानावर मोकळी गरज, आणि सातव्या पानावर अट: ‘गेल्या तीन वर्षांत किमान पाच आरओ संयंत्रं सरकारी कार्यालयांना पुरवल्याचा अनुभव.’ झालं, टाकीवाला बाद, अतिनील किरणांनी जंतू मारणारा यूव्हीवाला बाद. अनुभवही परिणामाच्या भाषेत मागा: ‘शंभर किंवा जास्त लोकांसाठी पिण्याच्या पाण्याची व्यवस्था उभारून किमान एक वर्ष चालवल्याचा दाखला.’ उत्पादकाचं अधिकारपत्र, विशिष्ट प्रमाणपत्र, शहरातच कार्यालय, अशी प्रत्येक अट खोडून पाहा. खोडल्याने गरज भागण्यात काय कमी पडतं, ते सांगता आलं नाही तर ती खोडलेलीच बरी.

पाचवी पायरी: बाजाराशी बोलणं, पण सगळ्यांसमोर

आपल्याकडे विक्रेत्याशी बोलायची भीती आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही. म्हणून होतं काय, की चोरून एकाशीच बोललं जातं आणि त्याचं माहितीपत्रक निविदा होतं. भीती वाटत असेल तर जास्त लोकांशी बोला. गरजेचं वाक्य आणि परिस्थितीचं पान, एवढंच छापून स्वारस्याची अभिव्यक्ती, म्हणजे दर न सांगता कुणाला रस आहे त्याचं लेखी उत्तर, मागवा. कुणाकडे काय उपाय आहे, साधारण खर्च किती, कुठली कसोटी अशक्य वाटते, हे लेखी विचारा. काम मोठं किंवा नवखं असेल तर केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७मधल्या नियम १६४ची दोन टप्प्यांची पद्धत बघा: आधी तांत्रिक प्रस्तावांवर चर्चा करून विनिर्देश पक्के करायचे, मग दर मागवायचे. लहान खरेदीला इतकं नको, बोली भरण्याआधी सगळ्या इच्छुकांची घ्यायची प्री-बिड बैठक पुरते.

प्री-बिडमध्ये जो प्रश्न येईल त्याचं उत्तर लेखी आणि सगळ्यांना. आमच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला, ‘‘साहेब, नक्की आरओ लावायचा की नाही, ते सांगा ना.’’ मी म्हटलं, ते तुम्ही सांगायचंय. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘‘नळ तीन दिवस बंद राहिला तर बोअरचं पाणी वापरायची परवानगी आहे का?’’ हाच तो प्रश्न, जो मला सुचला नव्हता.

बोली भरायला वेळही जास्त द्या. माहितीपत्रकावर दर टाकायला एक दिवस लागतो, उपाय आखायला जागा बघावी लागते. जागा पाहायचे दिवस निविदेतच छापा आणि त्या दिवशी हौदाचं झाकण उघडून देणारा माणूस तिथे असेल याची खात्री करा.

जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या केंद्राच्या संकेतस्थळावर, खरेदी करणाऱ्यांसाठी एक सूचना: ते मुळात दुकानाच्या फडताळासारखं आहे. तिथे वस्तूचा प्रकार निवडला की उपाय ठरूनच गेला. परिणाम विकत घ्यायचा असेल तर वस्तूऐवजी सेवेच्या कस्टम बोलीकडे, म्हणजे अटी आपण लिहायच्या त्या बोलीकडे, जाणं बहुधा सोयीचं पडतं.

सहावी पायरी: आंबा आणि चिंच एका तराजूत

वेगवेगळे उपाय आले की एल-१ कसा काढायचा? क्रय समितीत पहिला आक्षेप हाच येतो. उत्तर असं की खरेदीची किंमत तोलायचीच नाही, गरज भागवण्याची किंमत तोलायची, आणि काळ आधीच ठरवून टाकायचा. आम्ही पाच वर्षं धरली.

समजा तीन बोली आल्या. पहिला म्हणतो, रोज वीस लिटरचे ५० जार देतो, जारला ३० रुपये. खरेदीची किंमत शून्य! जुन्या पद्धतीने हाच एल-१. पण दिवसाचे १,५००, वर्षाचे ५,४७,५००, पाच वर्षांचे २७,३७,५००. दुसरा आरओवाला: बसवायचे ३,२०,०००, देखभाल, मेम्ब्रेन आणि वीज मिळून वर्षाला ७३,०००, पाच वर्षांत ६,८५,०००. तिसरा वेगळ्या साठ्याचा आणि क्लोरीन मात्रेचा: बसवायचे १,९०,०००, साफसफाई, औषध, तपासण्या वर्षाला ४८,०००, पाच वर्षांत ४,३०,०००. आकडे समजावण्यापुरते आहेत, रीत खरी आहे. वाया जाणाऱ्या पाण्याला लिटरमागे भाव लावून तोही यात मिळवायचा. विजेचा दर, पाण्याचा भाव, वर्षं, हे सगळं सूत्र निविदेत आधी छापलेलं हवं. बोली उघडल्यावर सूत्र ठरवलंत तर कितीही प्रामाणिक असलात तरी तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

उपायाच्या गुणवत्तेला गुण द्यायचेच असतील तर केंद्राच्या ऑक्टोबर २०२१च्या सूचनांत बांधकामं आणि बिगर-सल्लागार सेवांसाठी त्याची वाट आहे. सक्षम अधिकाऱ्याने खरेदी गुणवत्ताप्रधान ठरवावी लागते आणि दराव्यतिरिक्तच्या गुणांचा वाटा ३० टक्क्यांवर जात नाही. माझा अनुभव म्हणाल तर लहान खरेदीत गुण देणं टाळा. कसोटी पास-नापास ठेवा आणि पाच वर्षांचा खर्च तोला. गुण आले की ‘त्याला सात आणि मला सहा का’ हे उत्तर देत बसावं लागतं.

सातवी पायरी: पैसे कशावर सोडायचे

परिणाम मागितला आणि पैसे मात्र यंत्र उतरल्यावर नव्वद टक्के दिले, तर सगळी मेहनत पाण्यात. आमचा साचा असा: बसवून पहिला नमुना पास झाला की ६० टक्के, उरलेले ४० टक्के वीस तिमाही तपासण्यांना दोन-दोन टक्के. नमुना नापास तर ते दोन टक्के गेले, लागोपाठ दोनदा नापास तर करार संपवायचा हक्क. पैसे फार लांबवले की पुरवठादार व्याज दरात घालतो, तेव्हा हा ४०चा आकडा वाढवायच्या आधी विचार करा.

सरकारी अडचण इथे वेगळीच आहे: मार्चअखेर. अंदाजपत्रकातल्या खरेदीच्या शीर्षातला पैसा ३१ मार्चला मरतो, पाच वर्षं कुठून देणार? म्हणून बसवणं आणि चालवणं यांचे दर वेगळे मागवा, चालवण्याचा खर्च देखभालीच्या शीर्षाखाली दाखवा आणि लेखा शाखेशी हे निविदा काढायच्या आधी बोला. मी एकदा नंतर बोललो. तो किस्सा पुन्हा कधीतरी.

नोटशीट कशी लिहावी

नोटशीट म्हणजे नस्तीत निर्णयाची कारणं लिहायचा कागद. ‘हे सगळं ठीक, पण ऑडिट?’ बाबू लोक यंत्र लिहितात त्यामागे ही भीती असते. यंत्राचे नग मोजता येतात, गरज कशी मोजणार? तर नियम आपल्याच बाजूचा आहे. सामान्य वित्तीय नियम २०१७चा नियम १४४ म्हणतो की खरेदीचं वर्णन शक्य तितकं वस्तुनिष्ठ, कार्याधारित, सर्वसामान्य आणि मोजता येण्याजोगं असावं, विशिष्ट ट्रेडमार्क वा ब्रँडची मागणी नसावी, आणि विनिर्देश मूळ गरज भागवणारे असावेत, अनावश्यक वैशिष्ट्यं घालून खर्च फुगवू नये. मध्यप्रदेशातल्या कार्यालयांना राज्याचे २०१५चे भंडार क्रय तथा सेवा उपार्जन नियम लागू आहेत, त्यांतलं लागू कलम नोटशीटवर सोबत उद्धृत करा.

नोटशीटवर पाच-सहा ओळी पुरतात. अमुक तारखेला जागा पाहिली, हे मोजमाप घेतलं, गरज ही, कसोट्या या, या पद्धतीने तुलना होणार, उपाय बोलीदारावर सोडला आहे कारण किमान दोन-तीन वेगळ्या मार्गांनी ही गरज भागू शकते असं बाजाराच्या लेखी उत्तरांवरून दिसतं. सोबत हौदाचा फोटो. ऑडिटवाला फोटो नक्की बघतो.

कुठे हे करू नये

कागदाची रिमं घ्यायला ‘लेखनाची गरज’ असं काही लिहू नका, लोक हसतील. ७५ जीएसएमचा ए-४ कागद म्हणा आणि मोकळे व्हा. सिमेंट, बल्ब, औषधं, जिथे मानक पक्कं आहे आणि सगळे तेच विकतात, तिथे मानकाचा क्रमांक हीच उत्तम निविदा. जुन्या यंत्राला लागणारा सुटा भाग त्याच यंत्राचा घ्यावा लागतो, तेव्हा एकाच स्रोताचं कारण सरळ लिहा. आणि तपासणी करायला माणूसच नसेल, अधीक्षिकेचं पद दोन वर्षं रिकामं असेल, तर परिणामाचा करार करू नका. कसोटी घेणारं कुणी नसेल तर पुरवठादाराला तुमची मोकळी भाषा म्हणजे मोकळं रान.

निविदा काढायच्या आधी शेवटची चाचणी

मसुदा तयार झाला की दुसऱ्याच शाखेतल्या, या खरेदीशी काही संबंध नसलेल्या माणसाला द्या. आस्थापना शाखेतला कुणी चालेल. सकाळी पोहे खाऊन आलेला असेल तेव्हा द्या, मन लावून वाचतो. त्याला दोनच गोष्टी विचारा: हे वाचून कोणती वस्तू येणार असं वाटतं, आणि आलेली वस्तू बरोबर आहे हे तू कसं तपासशील? पहिल्या प्रश्नावर त्याने क्षणात एकाच वस्तूचं किंवा कंपनीचं नाव घेतलं, तर दुसऱ्या पायरीपासून परत लिहा. दुसऱ्या प्रश्नावर तो खांदे उडवू लागला, तर चौथीपासून. आमच्या दुसऱ्या मसुद्यावर आस्थापनेच्या देशपांडेबाई म्हणाल्या, ‘‘काय येईल ते नाही सांगता येत बाई, पण रात्री साडेनऊला बादली घेऊन जाईन मी.’’ तो मसुदा आम्ही दुसऱ्या दिवशी पोर्टलवर टाकला.